विक्टर चुकारिन : पस्तिशीतला विजेता

१९५२ साली हेलसिंकी येथे सोव्हिएत संघाचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांत प्रथमच उतरले. त्यांच्यापैकी विक्टर चुकारिन हा जिमनॅस्टिक्सपटू तेव्हा तीस वर्षांचा होता. ज्या वयात कसरतपटू बहुधा निवृत्तीचा विचार करतो, त्या वयात त्याने चार सुवर्ण व दोन रौप्यपदके मिळविली. या विलंबाचे कारण मोठे दारुण आहे.

चुकारिनचा जन्म १९२१ चा. युक्रेनमधील मारिउपोल या बंदराच्या शहरी तो वाढला. १९४१ साली युद्ध पेटताच तो सैन्यात गेला आणि लवकरच जर्मनांच्या हाती सापडला. पुढली वर्षे एका छावणीतून दुसरीत अशी गेली. बुखेनवाल्ड ही त्यांपैकीच एक. सुटका झाली तेव्हा त्याचे वजन अवघे चाळीस किलो भरले, असे सांगतात. घरी आलेल्या मुलाला आईने डोक्यावरील जुन्या व्रणावरून ओळखले, ही हकीकतही त्याच्या चरित्रात हटकून येते. डबलबारवर किंवा रिंगांवर सारे अंग दोन हातांनी तोलावयाचे. ते हातच उपासमारीने वाळले होते. शिवाय शत्रूच्या कैदेतून परतलेल्यांकडे स्टालिनच्या राजवटीत संशयानेच पाहिले जाई. अशा स्थितीत ल्विव्ह येथील नव्याने निघालेल्या शारीरिक शिक्षण संस्थेत त्याने नाव घातले, आणि कसरत पुन्हा ओनाम्यापासून गिरविली. १९४९ साली तो देशाचा सर्वांगीण विजेता ठरला!

हेलसिंकीला सर्वांगीण स्पर्धेत त्याच्या पाठोपाठ दुसरा आला तो ग्रांत शागिन्यान. त्याचाही पाय युद्धात जायबंदी झालेला होता.

१९५६ साली मेलबर्न येथे मात्र खरी कसोटी लागली. चुकारिन पस्तिशीला पोहोचलेला, आणि समोर जपानचा ताकाशी ओनो. सहा साधने, प्रत्येकावर एक ठरवून दिलेली व एक स्वतः रचलेली कसरत. एकूण गुण १२०. चुकारिनला ११४.२५ मिळाले, ओनोला ११४.२०. जमिनीवर उतरताना पाऊल किंचित सरकले तरी याहून अधिक गुण जाऊ शकतात. बिचाऱ्या ओनोचे दैव असे की, १९६० साली रोममध्ये बोरिस शाखलिनपुढेही तो नेमक्या तेवढ्याच अंतराने मागे पडला.

दोन ऑलिंपिकांत मिळून अकरा पदके, त्यांतली सात सुवर्ण, एवढी कमाई करून चुकारिन स्पर्धेतून बाजूला झाला. पुढे ल्विव्हच्या त्याच संस्थेत तो शिकवू लागला. १९८४ साली त्याच शहरी त्याचे निधन झाले.