माळव्याचं ऋण

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघालं की शिरपूर, सेंधवा करत आपण माळव्यात शिरतो. इंदूर ओलांडलं की पस्तीसेक किलोमीटरवर देवास लागतं. मराठी गाण्याच्या इतिहासात या छोट्या गावाला मोठं स्थान आहे, ते एका आजारपणामुळे.

कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकळी, जन्म 8 एप्रिल 1924, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले. विशीत पोचेपर्यंत देशभर नाव झालं होतं. 1947 च्या एप्रिलमध्ये देवधरांच्याच शिष्या भानुमती कंस यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान झालं. कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या जानेवारीत दोघं देवासला आली. गाणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या काळी क्षय म्हटलं की घरातली भांडीसुद्धा वेगळी होत. शेजारपाजार दारातूनच विचारपूस करून परत फिरे. आमच्या पिढीने ते पाहिलेलं आहे. अशा दिवसांत भानुताईंनी देवासला शाळेत नोकरी धरली, घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या, हे आपण सहज विसरतो. चाळीस वर्षं शाळेत घालवल्यामुळे मला ठाऊक आहे, दिवसभर वर्गात बोलून आलेल्या बाईच्या गळ्यात संध्याकाळी रियाजासाठी किती आवाज उरतो.

1943 साली शोधलं गेलेलं स्ट्रेप्टोमायसिन 1952 च्या सुमारास कुमारांना मिळालं. औषधाने रोग हटवला. पण औषध येईपर्यंत माणूस टिकवला तो माणसांनी. इंदूरचे रामूभैया दाते, राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर ही कुमारांची पुढे आयुष्यभराची माणसं. मुंबई-पुण्यापासून दूर राहूनही ते एकटे पडले नाहीत.

आणखीही एक गोतावळा होता, त्याची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. जात्यावर, लग्नात, सणाला गाणाऱ्या माळवी बाया आणि दारावरून निर्गुणी भजनं गात जाणारे नाथपंथी जोगी. आपल्याकडे अहिराणी गाणी कानावर पडतात, तशीच ती गाणी. कुमार बिछान्यावर पडून ऐकत राहिले. स्वतः गाता येत नव्हतं, तेव्हा या अनोळखी लोकांनी त्यांच्या घरात गाणं चालू ठेवलं.

मंडळी, चार वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जळगावच्या आमच्या भजनी मंडळाने पाळ्या लावून रात्री जागवल्या. कुणी डबा आणला, कुणी नुसतं उशाशी बसून हळू आवाजात अभंग म्हटला. बरं झाल्यावर प्रश्न पडला, हे फेडायचं कसं? आभार मानायला गेलो तर माणसं रागावतात.

कुमारांचं चरित्र मला इथे वाट दाखवतं. 1953 पासून ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी होतं. त्यांनी माळव्याच्या लोकगीतांचा खास कार्यक्रम रंगमंचावर आणला. लोकधुनांतून उगम पावलेले मालवती, लगनगंधार, संजारी असे राग बांधले. 1965 साली आलेल्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या बंदिशींच्या पुस्तकात माळव्याची बोली आहे. जोग्यांकडून ऐकलेली निर्गुणी भजनं त्यांनी देशभर पोचवली. बरे झाल्यावर मुंबईला परतायची सोय होती, तरी ते देवासलाच राहिले आणि 12 जानेवारी 1992 ला तिथेच गेले.

भानुताई मात्र 1961 सालीच दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. त्यांचं ऋण कुणालाच फेडता आलं नाही. म्हणून कुमारांची ध्वनिमुद्रिका लावली की मी आधी त्यांचं नाव घेतो. आणि आता आमच्या मंडळातलं कुणी आजारी पडलं की रात्रीची पहिली पाळी मी मागून घेतो.