आंतरराष्ट्रीय संबंध : विद्यापीठीय अध्ययन

सार्वभौम राज्ये, आंतरराष्ट्रीय संघटना, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि सीमापार चालणाऱ्या चळवळी यांच्या परस्परव्यवहारांचा अभ्यास करणारी सामाजिक शास्त्रांतील एक ज्ञानशाखा. युद्धे का होतात, शांतता कशामुळे टिकते आणि एका देशाची सत्ता दुसऱ्यावर कशी चालते, हे तिचे मूळ प्रश्न होत. जगातील सत्तेची मांडणी बदलली, की या विषयाचे अभ्यासक्रम आणि अध्ययनकेंद्रेही बदलतात, असे त्याच्या शतकभराच्या इतिहासावरून दिसते.

उगम व विकास : पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे या विषयाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या बहिणींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या अध्यासनाला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले. ॲल्फ्रेड झिमर्न हे त्याचे पहिले प्राध्यापक. राष्ट्रसंघ, आंतरराष्ट्रीय कायदा आणि लोकमत यांच्या बळावर युद्ध टाळता येईल, ही आरंभीच्या अध्यापनामागील धारणा होती. १९३० च्या दशकातील घटनांनी ती फोल ठरवली. १९३६ पासून त्याच अध्यासनावर असलेल्या ई. एच. कार यांनी ‘द ट्वेंटी यिअर्स क्रायसिस’ (१९३९) या ग्रंथात या आदर्शवादावर कठोर टीका केली. दुसऱ्या महायुद्धानंतर विषयाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. जर्मनीत जन्मलेले व शिकागो विद्यापीठात शिकवणारे हान्स मॉर्गेनथाऊ यांचा ‘पॉलिटिक्स अमंग नेशन्स’ (१९४८) हा वास्तववादाचा, म्हणजे राज्यांच्या सत्तास्पर्धेला केंद्रस्थानी मानणाऱ्या विचारप्रवाहाचा, प्रमुख पाठ्यग्रंथ ठरला. हा विषय म्हणजे एक अमेरिकी सामाजिक शास्त्रच होय, असे स्टॅन्ली हॉफमन यांनी १९७७ मध्ये प्रतिपादन केले.

सत्तेचे मापन : सत्ताबदलाचा अभ्यास करायचा, तर आधी सत्ता मोजावी लागते. मिशिगन विद्यापीठात १९६० च्या दशकात जे. डेव्हिड सिंगर यांनी सुरू केलेल्या युद्धविषयक संशोधन प्रकल्पातील निर्देशांक यासाठी सर्रास वापरला जातो. एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद उत्पादन, ऊर्जावापर, सैन्यसंख्या आणि लष्करी खर्च या सहा बाबींत प्रत्येक देशाचा जगातील वाटा किती, यावरून तो काढतात. त्यात चीनचे स्थान अमेरिकेच्या वर लागते. परंतु चलनाचे वर्चस्व, तंत्रज्ञान आणि मित्रराष्ट्रांचे जाळे ही अमेरिकेची बलस्थाने त्यात उमटत नाहीत. जबरदस्ती न करता वा आमिष न दाखवता, केवळ आकर्षणाने इतरांना आपल्याकडे वळवण्याच्या क्षमतेला जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ हे नाव दिले. तिचे मापन तर आणखी अवघड आहे.

सत्तासंक्रमणाचे सिद्धांत : दोन महासत्तांची द्विध्रुवीय व्यवस्था अनेक सत्तांच्या बहुध्रुवीय व्यवस्थेपेक्षा अधिक स्थिर असते, असे केनेथ वॉल्ट्झ यांचे मत होते. ए. एफ. के. ऑर्गॅन्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, प्रस्थापित महासत्तेवर नाराज असलेला देश बळाने तिच्या बरोबरीला येऊ लागतो, तेव्हा युद्धाचा धोका सर्वाधिक असतो. याच धाग्यावर ग्रॅहॅम ॲलिसन यांनी २०१७ मध्ये गेल्या पाचशे वर्षांतील अशी सोळा उदाहरणे तपासली आणि त्यांपैकी बारांचा शेवट युद्धात झाला, असे दाखवले. त्यांनी केलेली उदाहरणांची निवड वादग्रस्त ठरली असली, तरी अमेरिका-चीन संबंधांवरील वर्गचर्चेत हे विवेचन हमखास येते. सोव्हिएट संघाच्या विघटनाचा अंदाज मात्र प्रमुख सिद्धांतांपैकी कोणालाही आला नाही. त्यानंतर, राज्यांचे हितसंबंध त्यांच्या परस्परांविषयीच्या कल्पनांतून घडतात, असे मानणाऱ्या रचनावादाला अभ्यासक्रमांत स्थान मिळाले. अलेक्झांडर वेंट हे त्याचे प्रमुख प्रवर्तक होत.

भारतातील अध्ययन : भारतीय जागतिक व्यवहार परिषदेच्या (स्थापना १९४३) पुढाकाराने १९५५ मध्ये नवी दिल्लीतील सप्रू हाउस येथे ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ ही संस्था सुरू झाली. ए. अप्पादोराई हे तिचे पहिले संचालक. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातही १९५० च्या दशकापासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. इतरत्र तो मुख्यतः राज्यशास्त्र विभागांत शिकवला जातो. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, तर मुंबई विद्यापीठात आफ्रिका व सोव्हिएट अभ्यासाची केंद्रे उभी राहिली. सोव्हिएट संघ लयाला गेल्यावर मुंबईतील सोव्हिएट अभ्यास केंद्राचे मध्य यूरेशिया अध्ययन केंद्र झाले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हा विषय सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत असल्याने महाविद्यालयांबाहेरही त्याचा विद्यार्थिवर्ग मोठा आहे. मात्र परीक्षेची तयारी चालू घडामोडींवर भर देते. विद्यापीठीय अध्ययनाला त्या घडामोडींमागील कारणांची मांडणी अभिप्रेत असते.

टीका व नवे प्रवाह : वेस्टफेलियाचा तह (१६४८) हा आधुनिक राज्यव्यवस्थेचा आरंभ मानून केवळ यूरोपच्या अनुभवावर सिद्धांत रचले गेले आणि वसाहतवादाकडे दुर्लक्ष झाले, असा आक्षेप घेतला जातो. ओडिशात जन्मलेले अमिताव आचार्य यांनी २०१४ च्या सुमारास ‘ग्लोबल’ आंतरराष्ट्रीय संबंध ही यूरोपबाहेरील विचारपरंपरांनाही स्थान देणारी भूमिका पुढे आणली. कौटिल्याचा शेजारी राज्यांतील शत्रु-मित्रसंबंधांविषयीचा मंडल सिद्धांत आणि चिनी तत्त्वज्ञ चाओ तिंगयांग यांची ‘तिआनशिआ’ (‘आकाशाखालील सर्व जग’) ही संकल्पना यांचा समावेश आता अनेक अभ्यासक्रमांत होतो. सिंथिया एन्लो यांनी १९८९ मध्ये लष्करी तळ, पर्यटन व केळ्यांचा व्यापार यांतील स्त्रियांचे स्थान दाखवून स्त्रीवादी अध्ययनाला चालना दिली. इजिप्त, इथिओपिया, इराण व संयुक्त अरब अमिरात यांच्या समावेशाने २०२४ मध्ये झालेला ब्रिक्स या उदयोन्मुख अर्थव्यवस्थांच्या गटाचा विस्तार आणि २०२३ च्या दिल्ली परिषदेत जी-२० गटात आफ्रिकी संघाला मिळालेले सदस्यत्व ही बहुध्रुवीयतेची अलीकडील उदाहरणे म्हणून शिकवली जातात. सदस्यसंख्या वाढल्याने निर्णयशक्ती खरोखर हस्तांतरित होते का, हा प्रश्न अभ्यासकांत वादाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार अद्याप पाचच देशांकडे आहे.