गोखल्यांच्या घरातली पहिली नटी

नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले गेले, तेव्हा सांगलीत आमच्या कट्ट्यावर 'हम दिल दे चुके सनम'पासून 'नटसम्राट'पर्यंत सगळी उजळणी झाली. कुणीतरी म्हणालं, "त्यांचे वडील, चंद्रकांत गोखले, आपल्या मिरजेत जन्मलेले. १९२१ साली." सगळ्यांची कॉलर ताठ. मीही तिथंच थांबले. त्यांच्याही मागे कोण होतं, हे फार उशिरा वाचलं.

मागे दोन बायका होत्या. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई लेकीला एकटीनं वाढवत होत्या, नाटकात काम करून. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नव्हती. तारामती झाले अण्णा साळुंके. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. आपल्या सिनेमातल्या पहिल्या अभिनेत्री या मायलेकी.

हे धाडस केवढं, ते आमच्या भागाच्या इतिहासातून कळतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेव्हा सीता पुरुषच होता. बालगंधर्वांचं नागठाणे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० साली त्याचंच नाव सांगली झालं. बालगंधर्वांची साडी, नथ, चाल घराघरांतल्या बायका उचलत होत्या. पण खरी बाई तोंडाला रंग लावून उभी राहिली, की लोक तिच्या चारित्र्यावर घसरायचे. पुरुषानं केलेली बाई चालायची, बाईनं केलेली नाही.

पुढे नाटक मंडळीतच कमलाबाईंचं रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. पंचविशीतच वैधव्य आलं. पदरात मुलं होती. त्या काळात अशा बाईनं कोपऱ्यात बसायचं असे. कमलाबाई रंगमंचावर गेल्या. पुरुषांच्या भूमिकाही केल्या. त्या कमाईवर चंद्रकांत, लालजी आणि सूर्यकांत वाढले: एक नट, दोघं तबलावादक. सुमारे पस्तीस सिनेमे करून १९८०च्या 'गहराई'त त्या शेवटच्या दिसल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, तेव्हा बाई नव्वदीत होत्या आणि जुन्या नाटकांतली भाषणं अजून तोंडपाठ होती. १९९८ साली त्या गेल्या.

आपण 'गोखले घराणं' म्हणतो. आडनाव रघुनाथरावांचं, पण कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा वारसा आजीकडून नातवाकडे आला, आणि आजीला तो तिच्या आईकडून मिळाला. आडनावाच्या मागे कामत मायलेकी झाकून गेल्या.

मिरजेचा अभिमान मला आजही आहे. फक्त आता ती गोष्ट सांगताना मी थोडी अलीकडून सुरू करते. १९२१ साली मिरजेत एका बाईला मुलगा झाला. ती वीस वर्षांची होती, आणि सिनेमात काम करून तिला सात वर्षं उलटून गेली होती.