बुरशी नसलेली 'बुरशी': नाकातल्या एका रोगाचा इतिहास

एखाद्या रोगाचं कारण नक्की कोणता जीव आहे हे कळायला किती वर्षं लागतात? राइनोस्पोरिडिओसिसच्या बाबतीत जवळपास शंभर.

हा तसा दुर्मिळ आजार, पण जगात त्याचे सर्वाधिक रुग्ण भारत आणि श्रीलंकेत सापडतात. नाकात मऊ, लालसर गाठ वाढते, नाक चोंदतं, जरा धक्का लागला की रक्त येतं. गाठीवर बारीक पांढरे ठिपके दिसतात. ते म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या. गाई-बैल, घोडे, कुत्रे यांनाही हा रोग होतो.

आता नावांचा घोळ बघा. १९०० साली ब्यूनोस आयर्समध्ये गियेर्मो सीबर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दोन रुग्णांचं वर्णन केलं. (हो, फक्त दोन!) त्याच्या मते हा आदिजीव होता. १९२३ मध्ये अॅशवर्थ यांनी त्याचं जीवनचक्र मांडलं आणि त्याला बुरशीत टाकलं. पाठ्यपुस्तकांत तेच रुजलं. जीव प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, त्यामुळे पडताळा घेणं अवघड होतं. शेवटी १९९९ मध्ये बाधित ऊतकातल्या १८एस आरडीएनएचा क्रम तपासला, तेव्हा कळलं की ही बुरशी नाहीच. प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळ जी शाखा आहे, तिथला हा जीव. माशांच्या काही परजीवींचा नातेवाईक.

पण मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पुण्यातलं वाटतं. आमच्या कोपरखैरण्यात बांधकामापुढे वाळूचा ढीग दिसणं रोजचंच. ती उपसणाऱ्याच्या नाकाचा विचार कोण करतं? १९३३ मध्ये नोरोन्हा यांनी केला. पुण्यातल्या वाळू कामगारांमध्ये हा रोग किती आढळतो, यावर त्यांनी एक प्राथमिक टिपण प्रसिद्ध केलं. वाळूच्या कणांनी नाकाच्या आतल्या त्वचेला ओरखडे पडतात आणि तिथून पाण्यातला जीव आत शिरतो, हा विचार आजही सर्वाधिक मान्य आहे.

गंमत बघा: जीव कुठल्या गटातला, हे उत्तर दोनदा बदललं. रोग कोणाला होतो, हे निरीक्षण मात्र टिकलं. कारण ते जीवाच्या नावावर अवलंबूनच नव्हतं. आणि कामगाराच्या दृष्टीने तेच उपयोगाचं होतं. गाठ शस्त्रक्रियेने काढून मुळाशी डाग दिला तरी ती पुन्हा उगवू शकते, म्हणून ती होऊच न देणं महत्त्वाचं.

म्हणून वहीत दोन रकाने ठेवा: 'काय दिसलं' आणि 'मला काय वाटतं'. दुसरा रकाना पुढे कोणीतरी खोडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिला नीट भरा.

आणि एक गृहपाठ. १९३३ च्या पुण्यात तुम्ही असतात, तर वाळू कामगारांशी तुलना करायला आणखी कोणाची नाकं तपासली असती? त्याच नदीत नुसतं पोहणाऱ्यांची? की काठावर कोरडी वाळू भरणाऱ्यांची? दोन्ही गटांतून वेगवेगळं उत्तर मिळेल. का, ते लिहून बघा.