तलाव अडवला कोणी?

पाणी कधी येणार, हे छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात कॅलेंडर बघून सांगतात. जिन्याखाली निळे ड्रम, गच्चीवर टाक्या, आणि तरी मधल्या दिवसांत टँकरवाल्याला फोन ठरलेलाच. अशा ठिकाणी, कुठल्याशा खेड्यानं नियोजित साठवण तलावाला विरोध केला अशी बातमी आली की टपरीपासून उद्योजकांच्या बैठकीपर्यंत निकाल एकच लागतो: मूठभरांच्या हट्टापायी लाखोंच्या घशाला कोरड.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही, त्याच्या हाताशी मावळचा दाखला आहे. पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून बंद जलवाहिनी टाकायची होती. 9 ऑगस्ट 2011 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला आणि काम दशकभराहून अधिक काळ बंद पडलं. विरोधानं पाणी अडतं, हे तिथं मान्यच करायला हवं. पण अडली ती जलवाहिनी. धरण केव्हाच उभं होतं, आणि त्यासाठी जमिनी दिलेल्यांपैकी कित्येकांचं पुनर्वसन तेव्हाही रखडलेलं होतं. जुनी बाकी न फेडता दुसऱ्यांदा उधार मागायला गेलं की दार लावलं जातं, यात नवल काय?

आता आपल्या शहराकडे वळू. छत्रपती संभाजीनगरला साठ्याची वाण कधी होती? पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी. एकूण साठा सुमारे 102 टीएमसी, त्यातला उपयुक्त सुमारे 76. 2022 आणि 2024 च्या पावसाळ्यात तर दरवाजे उघडून पाणी खाली सोडावं लागलं. तरीही शहराच्या नळाला दिवसाआड सोडाच, आठवड्यानं पाणी येण्याची पाळी आली. कारण पैठणहून पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या 700 आणि 1400 मिलिमीटरच्या, आणि शहर त्यांच्या कितीतरी पुढं गेलेलं. ‘समांतर’ जलवाहिनीचं गाडं कंत्राटाच्या वादात रुतलं आणि महापालिकेनं तो करार 2016 मध्ये मोडला. मग 2500 मिलिमीटरच्या वाहिनीची नवी योजना आली. डिसेंबर 2020 मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा ती 1680 कोटींची होती, पुढं 2740 कोटींवर गेली. या सगळ्या कहाणीत तलावाला विरोध करणारा शेतकरी कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवून द्यावं.

राज्यभर पाहिलं तरी चित्र फारसं वेगळं नाही. 2011-12 च्या आर्थिक पाहणीतला तो आकडा आठवतो ना? दहा वर्षांत सिंचनावर सुमारे 70 हजार कोटी खर्च झाले आणि सिंचित क्षेत्रातली वाढ भरली 0.1 टक्का. त्यावर श्वेतपत्रिका निघाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक बसलं. वाद झाला तो एकाच वेळी असंख्य कामं काढून पैसा पातळ पसरण्याचा, वाढीव दरांचा, धरण बांधून कालवे न काढण्याचा. जायकवाडीच्या वरच्याच अंगाला प्रवरेवरचं निळवंडे आहे. 1970 साली सुमारे 8 कोटींत मंजूर झालेल्या या प्रकल्पाचा खर्च 5 हजार कोटींच्या वर गेला आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 रोजी झालं. अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कालवा बंदिस्त असावा म्हणून काम रोखलं होतं, हे लपवण्याचं कारण नाही. पण 53 वर्षांचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडायचा म्हणजे कमालच झाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: धरणाची जागा ही तांत्रिक बाब, तिथं गावकऱ्यांना काय कळतं? याला उत्तर खुद्द जायकवाडीच देते. हैदराबाद संस्थानाच्या काळात हे धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ योजलं होतं. नंतर ते सुमारे 100 किलोमीटर वर, पैठणला सरकलं आणि जुनं नाव तेवढं मागं राहिलं. म्हणजे सरकारच्या मनात आलं की जागा हलते. हलून काय झालं, तेही बघा. पैठणला सुमारे 350 चौरस किलोमीटर जमीन बुडाली. कोयनेचा साठा जवळपास तेवढाच, 105 टीएमसी, पण तिचा जलाशय सुमारे 115 चौरस किलोमीटरचा. जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, सरासरी खोली काढली तर आठ मीटरच्या आसपास भरते, आणि अशा पसरट तळ्यावर मराठवाड्याचं ऊन काय करतं ते वेगळं सांगायला नको. सपाट मुलखात खोल दरी कुठून आणणार, हे कबूल. पण म्हणूनच ‘इतक्या पाण्यासाठी इतकी काळी जमीन का?’ हा प्रश्न अडाण्याचा ठरत नाही. तो अभियंत्यानं स्वतःलाच आधी विचारायला हवा. आजऱ्याजवळच्या उचंगी धरणाच्या वेळी विरोध करणाऱ्यांनीच जाणकारांना सोबत घेऊन कमी बुडिताचा पर्यायी आराखडा पुढं केला होता. याला हट्ट म्हणायचं, तर मग अभ्यास कशाला म्हणायचं?

‘मोबदला वाढवून घेण्याचा डाव’ असंही कुजबुजलं जातं. असेल, काहींचा असेलही. पण गोदाकाठची गावं उठली ती आधी, आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला 1976 मध्ये, जायकवाडीच्या लोकार्पणाच्याच वर्षी. मुळशीत 1921 साली धरणाविरोधात सेनापती बापटांच्या मागं मावळे उभे राहिले तेव्हा बऱ्याच जमिनी कागदोपत्री सावकारांच्या होत्या. मोबदल्यावर तडजोड झाली ती त्यांच्याशी, कसणारा मोकळ्या हातानं उठला. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा अशा अनुभवांतून आली आहे.

आणि ती आता नुसती घोषणाही उरलेली नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सिंचन आणि जलविद्युत प्रकल्पांसाठी तरतूद आहे, की जमीन पाण्याखाली जाण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पुरं झालं पाहिजे. पुढच्या खेपेला तलावाला विरोध झाल्याची बातमी आली, तर चिकलठाण्याच्या बैठकीत आधी पुनर्वसन पुरं होण्याची तारीख विचारावी. तहसील कार्यालयात तिचं उत्तर कागदावर मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल, तर काम अडवणारा कोण, हा वाद गावाशी घालण्यात अर्थ नाही.