बाणाचें टोक आणि लहान शिकार

श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टी हें गांव गुराढोरांच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. तेथून फार दूर नाहीं अशा घोड नदीच्या कांठीं, शिरूर तालुक्यांत, इनामगांवची पांढर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर या विद्वानांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिचें उत्खनन केलें, तेव्हां इ. स. पूर्वी सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वसाहत उजेडांत आली.

हे लोक जव पिकवीत, गुरें पाळीत आणि शिकारहि करीत. तांबें दुर्मिळ असल्यामुळें त्यांचीं बहुतेक धारदार हत्यारें गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं असत. दगडाला आधीं एक उभा कणा काढावयाचा आणि मग त्याच्या अनुरोधानें लांबट, पातळ पातीं सोडवावयाचीं, ही त्यांची रीत होती. अशीं बारीक पातीं लाकडाच्या खांचेंत डिंकानें बसविलीं कीं बाणास धार येते.

परंतु प्रत्येक शिकारीस धार उपयोगी पडतेच असें नाहीं. हरिण रक्तस्रावानें पडतें; त्यास रुंद व तीक्ष्ण टोक हवें. ससा किंवा तित्तर यांची गोष्ट निराळी. तीक्ष्ण बाण त्यांच्या अंगांतून आरपार जातो, मांस फाटतें, आणि जखमी जीव झुडपांत शिरून हातचा जातो. दगडी टोक मुरमावर आपटून फुटतें तें वेगळेंच. बोथट, जाड लांकडी टोक मात्र आघातानेंच प्राण घेतें. बाण झाडांत रुतत नाहीं, आणि पुन्हां वापरतां येतो.

हा भेद आपल्या प्राचीनांस पूर्ण ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत बाणाच्या मुखाचीं छेदणें, भेदणें व ताडन करणें अशीं तीन कार्यें सांगितलीं असून, तीं मुखें लोखंडाचीं, हाडाचीं व लांकडाचीं असावींत असें म्हटलें आहे. डेन्मार्कच्या दलदलींतून मध्याश्मयुगांतील बोथट डोक्याचे लांकडी बाण निघाले आहेत. भिल्लांपाशींहि पांखरांकरितां बोथट बाण असत.

इनामगांवच्या पांढरींत मात्र लांकूड टिकलें नाहीं. तेथें दगडी पातें मिळतें, बोथट बाण मिळत नाहीं. म्हणून तो नव्हताच असें म्हणणें धाडसाचें होईल. इ. स. पूर्वी १००० नंतर हवा कोरडी होत गेली, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरील भिस्त वाढली, असें डॉ. ढवळीकर यांचें मत आहे. ज्या घरीं कणगी रिकामी, त्या घरीं एक ससा निसटणें म्हणजे पोरांनीं उपाशी निजणें होय. अशा वेळीं टोकाची निवड ही हौस नव्हे, तो संध्याकाळच्या जेवणाचा प्रश्न असतो.

१९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें पुढें अशा शिकारीस बंदी घातली, आणि तें योग्यच झालें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्या नाहींशा झालेल्या लांकडी टोकाचें स्मरण ठेविलें पाहिजे. कारण जें मातींत टिकतें तेवढेंच माणसाचें जीवन नसतें.