कोलेसिस्टोकायनिन-१ ग्राही

कोलेसिस्टोकायनिन-१ ग्राही हे पेशीपटलावर आढळणारे एक प्रथिन आहे. कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक त्याच्याशी जोडले गेले की पित्ताशय आकुंचन पावते आणि मेंदूला पोट भरल्याचा संदेश मिळतो. ही दोन्ही कार्ये एकाच ग्राहीमार्फत होत असल्याने त्याच्या जनुकाचा अभ्यास पित्तखडे व लठ्ठपणा या दोन्ही विकारांच्या संदर्भात केला जातो.

संप्रेरक आणि त्याचे कार्य

आहारातील स्निग्ध पदार्थ व प्रथिने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात पोहोचल्यावर तेथील पेशी हे संप्रेरक स्रवतात. आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी १९२८ मध्ये त्याचा शोध लावला. या संप्रेरकामुळे प्राणी कमी खातात, हे गिब्स, यंग आणि स्मिथ यांनी १९७३ मध्ये दाखवले.

पित्ताशय पुरेसे रिकामे झाले नाही तर पित्त साचून राहते. त्यातील कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात व त्यांतून खडे वाढतात. दीर्घ उपवासात किंवा अतिशय कमी स्निग्ध आहारात पित्ताशयाला आकुंचनाचा संदेश कमी मिळतो. वजन झपाट्याने घटवणाऱ्यांमध्ये पित्तखडे होण्याचे हे एक कारण आहे.

जनुकीय दोष

मानवात या ग्राहीचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असून त्यापासून ४२८ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. पित्तखडे व लठ्ठपणा असलेल्या एका रुग्णाचे निरीक्षण १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पित्ताशयात या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएमधून बहुतांशी तिसरा एक्सॉन गळालेला आढळला.

प्राण्यांवरील संशोधन

जपानमधील ओएलईटीएफ या रॅटच्या वाणात हा ग्राही जन्मतः नसतो. हे रॅट अधिक खातात, लठ्ठ होतात व पुढे त्यांना मधुमेह जडतो. मात्र रॅटला पित्ताशयच नसते. माऊस या लहान उंदराला पित्ताशय असते. हा ग्राही काढून टाकलेल्या माऊसना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यास खडे अधिक होतात, परंतु ते लठ्ठ होत नाहीत. त्यामुळे एका प्राण्यातील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लागू करता येत नाही.

मानवी आरोग्यातील महत्त्व

दोन्ही विकार बहुधा अनेक जनुके, आहार, वय व लिंग यांच्या एकत्रित परिणामाने होतात. पित्तखड्यांच्या बाबतीत यकृतातून पित्तात कोलेस्टेरॉल सोडणाऱ्या प्रथिनाचे एबीसीजी८ हे जनुकही महत्त्वाचे आहे. एकाच जनुकातील दोषामुळे येणाऱ्या लठ्ठपणात मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहीतील दोष सर्वाधिक आढळतो.